विजेची दुचाकी : सोय आणि सावधगिरी

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय पुरुषमंडळींचा, असे काहींना वाटेल. पण पुण्यात मुलाला शाळेत सोडायला, मंडईत जायला, कचेरी गाठायला दुचाकी कोण काढते? आपणच! एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले पुणे आज स्कूटरींचे झाले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

आधी जमेची बाजू पाहू. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर चालली आणि लिटरला 100 रुपये धरले, तर 100 किलोमीटरला सव्वादोनशे रुपये लागतात. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला साधारण तीन-चार युनिटे पुरतात. युनिटला दहा रुपये पडले, तरी चाळीस रुपयांत काम भागते. शिवाय सिग्नलपाशी मागे बसलेल्या लेकराच्या नाकातोंडात धूर जात नाही. अर्थात, आपली बरीचशी वीज कोळशावरच होते. म्हणजे धूर थोडाफार चंद्रपूर-कोराडीकडे जातो, हेही विसरू नये.

आता खर्चाची बाजू. बॅटरी महाग असते आणि काही वर्षांनी तिची ताकद उतरते. गाडीचा आवाज नसल्याने रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांना ती आल्याचे कळत नाही. ताशी 25 किलोमीटरपर्यंतच्या, 250 वॅटच्या आतील गाडीला परवाना लागत नाही. म्हणून ती अजाण मुलांच्या हाती द्यावी असे मात्र नाही. आणि रस्त्यावरची गर्दी? ती तशीच राहते.

सर्वांत महत्त्वाचे आगीचे. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी, पुण्यातही, अशा गाड्या पेटल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. तरीही आपली जबाबदारी संपत नाही. जिन्याखाली किंवा दाराशी गाडी चार्जिंगला लावू नका; आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू नका. दुसऱ्या गाडीचा चार्जर वापरू नका. उन्हातून आलेली गाडी आधी निवू द्या. बॅटरी फुगली तर ती लगेच कंपनीच्या माणसाला दाखवा.

भगिनींनो, गाडी घेण्यापूर्वी सोसायटीच्या सभेत मोकळ्या जागी वेगळ्या मीटरची मागणी करा. एकटीचे कोणी ऐकत नाही. दहाजणी उठल्या की ठराव होतो. चार पैसे वाचावेत हे खरे, पण घर आणि माणसे सुखरूप राहून वाचावेत, एवढेच सांगते आणि आपली रजा घेते.