खोकल्याचे दुसरे कारण



आम्ही डॉक्टर नव्हे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात आमचे आयुष्य गेले. त्यांतले एक नेहमीचे: "क्षय बरा झाला म्हणाले, आता खोकल्यातून पुन्हा रक्त पडते." घरची माणसे त्याचे ताट वेगळे करतात. क्षयाची औषधे पुन्हा सुरू होतात. थुंकीत मात्र क्षयाचे जंतू सापडत नाहीत.

अशा वेळी रोग कित्येकदा अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा असतो. ती मातीत, कुजक्या पाल्यात, ओलसर धान्यात वाढते. तिची सूक्ष्म बीजे आपण सारेच रोज श्वासाबरोबर आत घेतो. धडधाकट फुफ्फुस त्यांचा निकाल लावते. पण क्षयाने मागे पोकळी ठेवली असेल, तर तीत बुरशीचा गोळा वाढू शकतो. जनावरेही सुटत नाहीत. हिच्यामुळे कोंबडीची पिल्ले धाप लागून मरतात. बुरसलेल्या चाऱ्याने गाईचा गाभ पडतो.

१८९० साली द्यूलाफ्वा, शांतमेस आणि विदाल या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये कबुतरे पोसणाऱ्या मजुरांत हा रोग नोंदवला. हे मजूर दाणे स्वतःच्या तोंडात धरून पाखराच्या चोचीत सोडत. राय नावाच्या धान्याचे पीठ लावून केस विंचरणारे कामगारही पुढे त्यात सापडले. रोग्याचा धंदा विचारला, म्हणून कारण हाती लागले.

आपल्याकडे हे कोण विचारतो? २००५ आणि २०१९ साली उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. अशा पुरानंतर भिजलेली गुदामे जो उपसतो, त्याच्या केसपेपरावर ते काम लिहिलेले नसते.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. क्षयाची तपासणी आधी नीट करून घ्या. ती निर्दोष निघाली, तर बुरशीसाठी रक्ततपासणी आणि छातीचा फोटो मागा. इट्राकोनॅझोलसारखी औषधे आहेत. काहींना शस्त्रक्रिया लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही बुरशी सर्वांत गंभीर गटात घातली आहे. मालकाकडे मागणी करा, की बुरसलेला माल कोरडा झाडायला लावू नये, चांगले मास्क द्यावेत.

आणि हा रोग माणसापासून माणसाला लागत नाही. तेव्हा त्या बिचाऱ्याला पंगतीतून उठवू नका, एवढे विनवून आम्ही आपली रजा घेतो.