मूळ आंकडा आणि सांठविलेलें उत्तर

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो, असें घरोघरीं सांगतात. २००३ नंतर तो २०१५ मध्यें आला. परंतु ‘बारा’ हा आंकडा आकाशांत कोठेंहि लिहिलेला नाहीं. गुरु सिंह राशींत प्रवेश करतो, हें मूळ. बारा वर्षें हें त्यावरून काढलेलें उत्तर. गुरूस सूर्याभोंवतीं फिरण्यास सुमारें ११.८६ वर्षें लागतात. दर फेऱ्यामागें पन्नासेक दिवसांची तफावत सांठत जाते आणि सातएक फेऱ्यांत ती वर्षाएवढी होते. हरिद्वारचा कुंभ १९२७ नंतर १९३८ मध्यें, आणि २०१० नंतर २०२१ मध्यें भरला, तो यामुळेंच. नुसते बारा मिळवून निघालेला यात्रेकरू २०२२ मध्यें गंगेवर पोहोंचला असता!

संगणकांत माहितीचा सांठा, म्हणजे डेटाबेस, रचणाऱ्यांपुढें हाच प्रश्न असतो. हिशेबानें निघणारी गोष्ट लिहून ठेवावी, कीं विचारतांच पुन्हां काढावी? शाळेच्या रजिस्टरांत मुलाची जन्मतारीख लिहितात, वय नव्हे. वय लिहिलें असतें तर वर्षभरांत सारें पुस्तक खोटें ठरलें असतें. आणि तें खोटें झालें आहे, हें पुस्तकाकडे पाहून कोणास कळलेंहि नसतें. खरें भय या दुसऱ्या गोष्टीचें.

तथापि पुन्हां पुन्हां गणित करणें फुकट नसतें. गणेश दैवज्ञांनीं इ. स. १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला, तो याच अडचणीवर. युगारंभापासूनचे लक्षावधि दिवस मोजण्याऐवजीं त्यांनीं ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, चक्र कल्पिलें व प्रत्येक चक्रांतील ग्रहांची चाल आधींच काढून ठेविली. ‘तिथिचिंतामणी’त तर सारण्याच दिल्या, पंचांगकर्त्यास बेरजेपलीकडे फारसें कांहीं उरलें नाहीं. मूळ माने क्वचित बदलतात, गणित लांबलचक आहे आणि विचारणारे पुष्कळ आहेत, तेथें उत्तर सांठविणेंच शहाणपणाचें. पुढें शतकांनंतर गणित व आकाश यांत अंतर दिसूं लागलें, तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. कोष्टकें गेलीं नाहींत. तीं मुळापासून नव्यानें काढलीं गेलीं, इतकेंच.

दुकानाच्या बिलाची गोष्ट निराळी. रविवार कारंजावरील दुकानदारानें दिवाळींत साखर ज्या भावानें दिली, तो भाव व ती रक्कम बिलावर कायम राहिली पाहिजे. आजच्या भावानें जुनें बिल पुन्हां मांडलें, तर बेरीज बिनचूक येऊनहि ती लबाडीच होईल. तेथें रक्कम हें केवळ उत्तर राहत नाहीं, ती घडलेली गोष्ट होते.

बँकेच्या खात्यांतील शिल्लक या दोहोंच्या मध्यें बसते. ती लिहून ठेवितात, कारण आरंभापासूनच्या नोंदी दर वेळीं मिळविणें परवडत नाहीं. पण नोंदीहि जपतात. मात्र नोंद आणि नवी शिल्लक एकाच दमांत लिहिलीं गेलीं पाहिजेत. मध्येंच वीज गेली, तर दोन्ही राहावींत किंवा दोन्ही पुसलीं जावींत, अशी व्यवस्था चांगल्या डेटाबेसांत असते.