आईचे थांबणे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मधमाशी म्हटले की आपल्याला मोहोळ आठवते. परंतु मधमाश्यांच्या गोतावळ्यात २०,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य एकेकट्या राहतात. मादी बीळ कोरते, परागाच्या गोळ्यावर अंडे घालते, कप्पा बंद करते. पुष्कळदा लेकींचे तोंड पाहण्याआधीच तिचे आयुष्य संपते.

समाज जन्मला तो आई थांबली म्हणून. लेकींनीही घर न सोडता धाकट्या बहिणी वाढवल्या. एकीने चारा आणावा, दुसरीने दार राखावे, अशी कामे वाटली गेली. हे एकत्र राहणे परिस्थितीप्रमाणे घडत गेले. सातेरी ढोलीच्या आडोशाला अनेक पोळी बांधते. आग्या मात्र उघड्या फांदीला एकच पोळे लावते. तिच्याकडे भिंत नाही, म्हणून हजारो माश्या अंगांचाच पडदा करतात. गांधीलमाशी जवळ येताच पोटे उचलून पोळ्यावर लाट उठवतात.

आग्या ऋतुमानाप्रमाणे दूर जाते आणि काही महिन्यांनी पुष्कळदा त्याच झाडावर परतते. तोवर बहुतेक कामकरी माश्या नव्या असतात. राणी मात्र तीच असू शकते, हे जनुकीय तपासणीने दिसले आहे.

आपल्या पटांगणातील पिंपळावर ती दरवर्षी येते. यंदा धूर करून मोहोळ उठवावे, अशी सूचना आली आहे. मुलांची काळजी रास्तच आहे. पण काही महिने त्या बाजूला दोर बांधून वाट वळवता येईल. पिढ्या बदलूनही घर टिकते कसे, याचा धडा आपल्याच अंगणात आहे. तो पुसू नये, ही विनंती.