शस्त्रक्रियेपूर्वींचा एक तास

गर्भाशयाच्या किंवा बीजकोशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, गांठ निघाली, म्हणजे संकट टळलें, अशी घरच्या मंडळींची साहजिक समजूत असते. शस्त्रवैद्याची चिंता मात्र तेथें संपत नाहीं. जखमेंत पू झाला किंवा ओटीपोटांत जंतूंनीं घर केलें तर ज्वर येतो, अंथरूण सुटत नाहीं, आणि पुढें द्यावयाचे किरणोपचार किंवा औषधोपचार लांबणीवर टाकावे लागतात. कर्करोग मात्र कोणासाठीं थांबून राहत नाहीं. म्हणून जखम वेळेवर भरून येणें हा त्या रोगाच्या उपचाराचाच एक भाग होय.

ही जखम इतर कित्येक जखमांहून निराळी असते. गर्भाशय काढतांना योनिमार्ग उघडावा लागतो, आणि तेथें निरोगी स्त्रीच्या शरीरांतहि नाना प्रकारच्या जंतूंची वस्ती असते. कितीहि स्वच्छता राखली तरी ती समूळ नाहींशी होत नाहीं. व्हिएन्ना येथील अर्न्स्ट वेर्थाइम यांनीं १८९८ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं विस्तृत शस्त्रक्रिया आरंभिली, तेव्हां लिस्टर यांची जंतुनाशनाची पद्धति प्रसिद्ध होऊन तीस वर्षें लोटलीं होतीं. तरीहि आरंभींच्या रुग्णांपैकीं अनेकजणी दगावल्या.

पुढें पेनिसिलिनसारखीं जंतुविरोधी औषधें हातीं आलीं. परंतु तीं द्यावयाचीं केव्हां, हा प्रश्न उरलाच. अमेरिकन शस्त्रवैद्य जॉन बर्क यांनीं १९६१ सालीं गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जंतू शिरण्यापूर्वींच औषध रक्तांत असेल तर तें उत्तम काम करतें. तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. चोर घरांत शिरण्यापूर्वीं दारावर पहारा हवा, तसेंच हें आहे. १९९२ सालीं अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथील निरनिराळ्या शस्त्रक्रियांच्या २,८४७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. छेद घेण्यापूर्वींच्या दोन तासांत औषध मिळालेल्या रुग्णांपैकीं शेंकडा ०.६ जणांची जखम चिघळली. छेदानंतर तीन तासांहून अधिक उशिरानें औषध मिळालेल्यांत हें प्रमाण ३.३ होतें, तर दोन तासांहून आधीं घाई करून दिलेल्यांत ३.८ होतें. फार आधीं दिलेलें औषध ऐन वेळेपूर्वींच शरीराबाहेर पडूं लागतें, हें त्याचें कारण.

म्हणून गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेंत सेफॅझोलिन हें औषध साधारणतः २ ग्रॅम, छेदापूर्वींच्या एका तासांत शिरेवाटे देतात. रुग्णाचें वजन १२० किलोग्रॅम किंवा अधिक असल्यास मात्रा ३ ग्रॅम करतात. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेलें, तर पुन्हा एक मात्रा देतात. बीजकोशाचा कर्करोग पसरून मोठ्या आंतड्याचा भाग कापावा लागणार असेल, तर मेट्रोनिडॅझोलचीहि जोड देतात.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर आठ दिवस औषध चालू ठेवावें, असा पुष्कळ नातलगांचा आग्रह असतो. तो हितकर नव्हे. केवळ प्रतिबंधासाठीं औषध पुढें चालू ठेवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सांगितलें. त्यानें जखमेचें अधिक रक्षण होत नाहीं. अतिसार मात्र होऊं शकतो, आणि औषधाला दाद न देणारे जंतू बळावतात. प्रत्यक्ष पू झाला तर त्याचा उपचार निराळा आणि अवश्य करावयाचा.

घरच्यांचें काम याहून साधें, पण मोलाचें आहे. पूर्वीं पेनिसिलिननें अंगावर पित्त उठलें असेल किंवा धाप लागली असेल, तर तें आधींच सांगावें. मधुमेह ताब्यांत ठेवावा. घरीं वस्तऱ्यानें केस काढूं नयेत. त्यानें कातडीला सूक्ष्म जखमा होतात. घरीं परतल्यावर ज्वर, जखमेची लाली किंवा दुर्गंधी स्राव दिसतांच, उरलेल्या गोळ्या देत न बसतां, रुग्णाला रुग्णालयांत न्यावें. योग्य वेळीं दिलेली एक मात्रा आणि घरची ही सावधगिरी, यांच्या बळावर तिचे पुढील उपचार ठरल्या दिवशीं सुरू होऊं शकतात.