धांवणाराचें यश



यश हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. परीक्षेंत यश, दाव्यांत यश, निवडणुकींत यश. या सर्वांत निकाल देणारा कोणी तरी दुसरा असतो आणि आपण तो निमूटपणें ऐकून घ्यावयाचा असतो. माझी सारी हयात मुलांना शिकविण्यांत गेली आणि निकालपत्रकें लिहिण्यांत बरीच शाई खर्च झाली, तेव्हां या पद्धतीचा मी शत्रु आहें असें कोणी समजूं नये. परंतु निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, डॉक्टरांच्या सल्ल्यानें मी पहाटे धांवावयास लागलों, आणि तीच पद्धत धांवण्यास लावूं गेलें असतां मोठा विचित्र प्रकार होतो, हें ध्यानांत आलें. पुण्यांत १९८३ सालीं व मुंबईंत २००४ सालीं मॅरेथॉन शर्यती सुरू झाल्या. अशा शर्यतींत हजारों माणसें उतरतात आणि पहिला एकच येतो. म्हणजे इशारा होण्यापूर्वींच बाकीच्या सर्वांचें अपयश ठरून गेलेलें! तरीहि तीं माणसें थंडींत चार वाजतां उठून जातातच. एक तर तीं वेडीं असलीं पाहिजेत, नाहीं तर त्यांचा मोजण्याचा गज तरी निराळा असला पाहिजे.

या गजाचा विचार करतांना मला एक जुनी हकीकत आठवते. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तेथें अनवाणी धांवणारीं खेड्यांतलीं तरुण मुलें पाहून, यांना परदेशांतील मैदान दाखवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानची तुकडी रवाना झाली. तींत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनीं मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली व त्यांचा क्रमांक १९ वा लागला. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटें अगोदर पोंचला होता.

एकोणिसावा म्हटलें कीं आपण सुस्कारा टाकतों. पण जरा हिशेब मांडून पाहा. त्या वर्षींचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. ऑलिंपिक मॅरेथॉनचा त्याहून लांब मार्ग आजवर झालेला नाहीं. म्हणजे चौगुल्यांनीं किलोमीटरमागें चार मिनिटांहूनहि किंचित् कमी वेळ घेतला, आणि तो सतत पावणेतीन तासांवर! ज्यांना ही गति किरकोळ वाटत असेल त्यांनीं उद्यां सकाळीं एकच किलोमीटर चार मिनिटांत धांवून पाहावा. उरलेल्या एक्केचाळीसांविषयीं मग बोलूं. क्रमांकानें काय कळलें? त्या दिवशीं पुढें किती होते, एवढेंच. त्या माणसाच्या पायांनीं व छातीनें काय केलें, तें क्रमांकांत कोठेंच लिहिलेलें नाहीं.

ही शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट झाली. आतां अगदीं अलीकडची घ्या. बीड जिल्ह्यांतील अविनाश साबळे हे ३००० मीटर स्टीपलचेस धांवतात. वाटेंत आडवे घातलेले लांकडी अडसर व पाण्याचा खड्डा ओलांडीत धांवावयाची ही शर्यत. २०२१ सालीं झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्यें त्यांनीं ८ मिनिटें १८.१२ सेकंद असा वेळ दिला. तोंपर्यंत कोणीहि भारतीय ही शर्यत इतक्या लवकर धांवला नव्हता. जो उच्चांक मोडला तोहि त्यांचाच होता. आणि तरीहि ते प्राथमिक फेरींतच बाद झाले. एकाच सकाळीं, एकाच धांवेंत, एका मापानें उत्तीर्ण आणि दुसऱ्या मापानें अनुत्तीर्ण! पुढच्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत त्यांना रौप्यपदक मिळालें आणि सुवर्णपदक सेकंदाच्या अवघ्या विसाव्या हिश्शानें हुकलें. बर्मिंगहॅमला सत्कार व टोकिओला हळहळ, हें जगाच्या रीतीस धरून झालें. मला मात्र टोकिओची धांव कमी योग्यतेची वाटत नाहीं. ती ज्यांच्याबरोबर पडली ते गडी त्या दिवशीं अधिक वेगवान होते, आणि दुसऱ्याचा वेग कोणाच्याहि हातीं नसतो.

येथें माझ्यांतला जुना मास्तर उठून उभा राहतो. तो विचारतो, "ज्यानें त्यानें आपलें यश आपणच ठरवावयाचें म्हटलें तर वर्गांतला एक तरी आळशी मुलगा नापास होईल काय?" आक्षेप खोटा नव्हे. धांवून आल्यावर, दम लागल्यावर, आंकडा वाईट निघाल्यावर, "मला काय, नुसती मोकळी हवा खावयाची होती," असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोल्ह्याला द्राक्षें आंबट, ही गोष्ट आपण पहिल्या इयत्तेपासून शिकवीत आलों आहों. म्हणून माझें म्हणणें असें कीं, गज आपला असावा, पण तो आधीं ठरलेला असावा, आणि कागदावर असावा. काय, किती व कोणत्या तारखेपर्यंत, हीं तिन्ही लिहून ठेवलीं म्हणजे हा घरचा परीक्षक बाहेरच्यापेक्षां कडक निघतो. कारण त्याला आपल्या सर्व सबबी अगोदरच ठाऊक असतात.

दक्षिण आफ्रिकेंत डर्बन व पीटरमारित्झबर्ग या शहरांमध्यें 'कॉम्रेड्स' नांवाची सुमारें नव्वद किलोमीटरांची शर्यत १९२१ सालीं सुरू झाली. तिची रीत मला फार आवडते. तेथें बारा तासांच्या आंत जो पोंचेल त्या प्रत्येकास पदक मिळतें. पुढें किती गेले, मागें किती राहिले, याचा तेथें संबंध नाहीं. पहिल्या वर्षीं बिल रोअन ८ तास ५९ मिनिटांत पहिले आले. आज नऊ तासांच्या आंत येणारांच्या एका पदकाला त्यांचेंच नांव दिलेलें आहे. म्हणजे एके काळीं ज्या वेळानें पहिला क्रमांक मिळविला, तो आतां कित्येक साध्या धांवपटूंचा वर्षभराचा संकल्प होऊन बसला आहे. पण ही रीत मवाळ आहे असें मात्र समजूं नका. बारा तास पुरे होतांच, येणाऱ्या धांवपटूंकडे पाठ करून उभा असलेला एक अधिकारी बंदूक उडवितो, आणि त्या क्षणीं जो दोन पावलें अलीकडे असेल त्याला पदक नाहीं. पाठ करून, हें विशेष! तोंडें पाहिलीं असतीं तर हात कचरला असता.

आपल्या घरच्या संकल्पाला अशी बंदूक हवी. मात्र तास कोणाचे, हें विचारून घ्यावें. हल्लीं मनगटावरचें घड्याळ आपली धांव मोजतें, आणि मोबाइलवर साऱ्या परिचितांचे आंकडे चहाच्या आधींच येऊन पडतात. माझ्याच वयाच्या एका सोबत्यानें असाच एका तिशीच्या शेजाऱ्याचा आंकडा उसना घेतला. दोन महिने ईर्षेनें धांवला. मग गुडघा धरून घरीं बसला, तो पुन्हां मैदानावर आलाच नाहीं. त्याचा गुडघा बरा झाला आहे. धांवण्याची आवड तेवढी गेली.

याउलट आमच्या आळींतील एका पन्नाशीच्या बाईंचें पाहा. घरांत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलाचा डबा सातला. या बाईंनीं प्रथम संकल्प केला तो अंतराचा नव्हे, वेगाचाहि नव्हे. आठवड्यांतून तीन दिवस पावणेसहाला उंबरठा ओलांडावयाचा, एवढाच. पहिले दोन महिने तेंहि साधेना. मग चहाचें काम यजमानांकडे गेलें. (हा बदल कांहीं आपोआप झाला नाहीं, असें आमच्या घरांतून समजतें.) आज त्या न थांबतां पांच किलोमीटर धांवतात. त्यांना किती मिनिटें लागतात हें मला ठाऊक नाहीं, आणि त्यांनीं तें कधीं सांगितलेंहि नाहीं.

आंकडा ठरवितांना आपलें वय व आपलें गांव, दोन्ही विचारांत घ्यावीं. पुण्याच्या डिसेंबरांत जो वेळ सहज येतो, तो मे महिन्यांत येत नाहीं. उन्हांत शरीर थंड ठेवण्याकरितां रक्त कातडीकडे वळतें, आणि तेवढें काम हृदयावर अधिक पडतें. तेव्हां मेमधील मंद धांवेला अपयश म्हणणें म्हणजे चढावर सायकल हळू चालली म्हणून तिला दोष देणें होय. गति सोसते कीं नाहीं, हें पाहण्यास घड्याळहि लागत नाहीं. सोबत्याशीं अखंड एक वाक्य बोलतां आलें तर ती रोजची गति. शब्द तुटूं लागले तर ती रोजची नव्हे. माझा बहुतेक व्यायाम या वाक्याच्या आधारावर चालतो, आणि आम्हां शिक्षकांना वाक्यें लांब बोलण्याची सवय असल्यामुळें माझी गति फारशी वाढत नाहीं.

माझ्या वहीच्या चालू पानावर असें लिहिलेलें आहे: १० किलोमीटर, १ तास २० मिनिटें, जानेवारीअखेर. गेल्या जानेवारींतहि हाच आंकडा होता आणि मला तीन मिनिटें अधिक लागलीं. त्या ओळीपुढें 'नाहीं' असा शेरा मारलेला आहे, तो मीं खोडलेला नाहीं. डॉक्टरांनीं नाडीची एक मर्यादा घालून दिली आहे, ती ओलांडली तर धांवणें सोडून चालूं लागावयाचें, ही अटहि यंदाच्या ओळींतच लिहिली आहे. आणि चालावें लागलें तर तीं मिनिटें वजा करावयाचीं नाहींत, हेंहि.