जीपचे पाटे आणि काट्यावरचे वजन

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते माझ्यानंतर आहेत. मला जीपच्या पाट्यांवर आणि शॉकअपवर बोलायला सांगितले आहे. हसू नका. मंडपाबाहेर ज्या जुन्या जीपगाड्या उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच एका अंगाला कललेल्या आहेत. येताना पाहूनच आलो.

हिशेबाच्या वहीत आपण बियाणे, खत, फवारणी, मजुरी लिहितो. गाडीचा मोडलेला पाटा लिहीत नाही. तो घरखर्चात जातो. पण पाणंदीतून कापूस सडकेला आणायचा, रात्रीबेरात्री माणूस दवाखान्यात न्यायचा, ते सगळे त्याच पाट्यावर.

तीन वर्षांपूर्वी माझ्या जीपचे मागचे पाटे बसले. मिस्त्री म्हणाला, "दोन जाड पाटे टाकून देतो, मग काय भरायचे ते भरा." मला बरे वाटले. मजबूत म्हटले की शेतकऱ्याला बरेच वाटते. ज्वारीची पाच पोती टाकली तरी जीप वाकेना. रिकामी असली की मात्र मागे बसणाऱ्याचे डोके टपाला लागे. तेही चालवून घेतले.

पुढच्या आषाढात शेजारच्या पोराला साप चावला. तालुक्याच्या वाटेवर नाला. पाणी कमी होते, पण उतार पावसाने कापून काढलेला. फोर-व्हीलचा दांडा टाकलेला होता. तरी नाल्याच्या मधोमध पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी झाले. दोन्ही गरगर फिरतात आणि जीप जागची हलत नाही. डिफरन्शियलचा स्वभावच असा आहे, की एका धुऱ्याच्या दोन चाकांपैकी ज्याला अडवणूक नाही तेच फिरते. पाटे लवचीक असते तर एक चाक खड्ड्यात उतरले असते, दुसरे वर दबले असते आणि चारही जमिनीला लागून राहिली असती. शेवटी चार माणसे मागच्या उजव्या कोपऱ्यावर चढली, चाक टेकले, जीप निघाली. पोरगा वाचला. पण ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही. फोर-व्हील गाडी घ्यायची आणि तिला पहारीसारखे पाटे बसवायचे, म्हणजे चांगला बैल आणून त्याचे पाय बांधायचे.

मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही, हो म्हणणारा मीच होतो. मला गणित ठाऊक नव्हते. सात पाट्यांच्या जुडीत तसाच आणखी एक पाटा टाकला, तर कडकपणा साधारण एक सप्तमांशाने वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशेब फार वेगळा. रुंदी आणि लांबी तीच ठेवून ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो. ८ मिलिमीटरचा घेतला तर सव्वादोन पटीच्याही वर जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, कमरेला कळतो. म्हणून दुकानात जाताना जुना पाटा बरोबर न्या. पाट्यांची संख्या, जाडी, रुंदी, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी आणि सेंटर बोल्टची जागा मोजून घ्या.

त्याआधी वजन करा. काटा आपल्याला नवा नाही. जिनिंगच्या काट्यावर आयुष्य गेले आहे आपले. फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग सगळी जीप घ्या. वजाबाकी केली की मागच्या धुऱ्यावरचे वजन मिळते. हे रिकाम्या जीपचे करा आणि नेहमीचा माल भरून करा. नेहमीचा म्हणतो. वर्षातून दोनदा जबरदस्तीने भरता तो नव्हे. पाटे नेहमीच्या वजनाला घ्यायचे आणि त्या दोन दिवशी दोन खेपा करायच्या. माझा खर्चाचा अनुभव सांगतो, दोन खेपांचे डिझेल स्वस्त पडते.

आणखी एक. पाच क्विंटल ज्वारी आणि पाच क्विंटल कापूस पाट्याला सारखेच. पण ज्वारी तळाशी बसते, कापूस टपाच्या वर जातो. वळणावर गाडी कलते ती कापसाने. तिला पाटे कडक करणे हा उपाय नव्हे. थर खाली ठेवा, दोर आवळा.

पाटे खरेच बसलेत का, तेही आधी पाहा. सपाट जागी चाकाच्या मधापासून मडगार्डपर्यंत दोन्ही बाजू मोजा. पुष्कळदा पाटा ठीक असतो आणि शॅकलचे बुश खलास झालेले असतात. जुने पाटे भट्टीत घालून पुन्हा कमान देणारे आहेत. त्यात वावगे नाही, पण लोहार विळ्याला पाणी देतो तसे पाट्यालाही द्यावे लागते, तेही तेलात, आणि नंतर बेताच्या आचेवर पुन्हा तापवून. ही सोय नाही तिथे पाटा देऊ नका. थंड ठोकून दिलेली कमान लवकर उतरते. आणि तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीच वापरू नका, जोडाच्या कडेला पोलाद ठिसूळ होते. बदलायचे तर एका धुऱ्याची जोडी बदला, एका बाजूचा नाही.

आता शॉकअप. शॉकअप वजन उचलतो अशी समजूत घरोघरी आहे. गाडी बसली की लोक शॉकअप बदलतात. वजन पाटाच उचलतो. शॉकअपचे काम एकच, दबलेला पाटा परत येताना त्याला नाचू न देणे. गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक. डोलत राहिला किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले तर बदला. फार कडक शॉकअप घेतला तर पाट्याला दोन खड्ड्यांच्या मध्ये सरळ व्हायला वेळच मिळत नाही, गाडी खाली खाली बसत जाते. खडीच्या रस्त्यावर लांब पळणाऱ्याने गॅस भरलेला घ्यावा, कारण तापून तेलाला फेस येतो आणि फेस आला की शॉकअप लुळा पडतो. पाणंदीपुरती जीप असेल तर साधा तेलाचा पुरे. लांबी मात्र मापाचीच हवी, पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दबलेली, दोन्ही.

हे सगळे मागेपुढे पाटे असलेल्या जुन्या जीपचे झाले. २०१० सालच्या थारला मागे पाटे होते, पुढे टॉर्शन बार. २०२० साली आलेल्या थारला चारही चाकांना कॉइल आहे. तिथे माप वेगळे, वजनाचा नियम तोच.

तरुण पोरांना जीप उंच करायची हौस आली आहे. चार इंच उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचा पाइप ताणतो, बांधावरून उतरताना गाडी उलटायला सोपी होते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमावाला तेच बोट ठेवील.

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे बसवल्यावर चारपाचशे किलोमीटरने परत आवळून घ्या. रबरी बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळा. चाके लटकत असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

माझी जीप मंडपामागे लिंबाखाली उभी आहे. ते दोन जाड पाटे मी काढून ठेवले आहेत, मागच्या बाकाखाली पडलेत. जेवणानंतर ज्याला बघायचे त्याने यावे. कोणाकडे बॅटरी असेल तर घेऊन या, गाडीखाली अंधार असतो.