नेस्टिंग: कोडमधलं आणि किनाऱ्यावरचं

आजचा शब्द आहे नेस्टिंग. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि गाव रत्नागिरी, त्यामुळे हा शब्द मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो.

आधी कोडमधलं बघू. एका लूपच्या पोटात दुसरा लूप, एका 'इफ'च्या पोटात आणखी एक 'इफ', याला म्हणायचं नेस्टिंग. साध्या मराठीत 'एकात एक'. घरी स्टीलचे डबे एकात एक घालून ठेवतात ना, तसंच. नियम एवढाच की आतला कंस आधी बंद करायचा, मग बाहेरचा. आणि बाहेरचा लूप 100 वेळा, आतलाही 100 वेळा फिरला, तर आतलं काम 10,000 वेळा होतं. म्हणून ते जपून वापरायचं.

आता किनाऱ्यावरचं. नेस्ट म्हणजे घरटं, हे आपण शाळेत शिकलो. पण वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांचं नेस्टिंग होतं, तिथे काड्यांचं घरटं शोधाल तर काहीच दिसणार नाही. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी वाळूत साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा बघायलाही येत नाही! म्हणजे इथे नेस्टिंग हे बांधकाम नाही, ती एक क्रिया आहे: खणणं, अंडी घालणं, झाकणं.

हा फरक का महत्त्वाचा? घरटं दिसलं की माणूस आपोआप बाजूने जातो. वाळू सपाट दिसली की तिच्यावरून सरळ गाडी घालतो. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन हीच न दिसणारी घरटी वाचवायला सुरुवात केली. अंडी अलगद काढून कुंपणातल्या तशाच खड्ड्यात ठेवतात. साधारण 45 ते 55 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात.

तो उजेड समुद्राचा असायला हवा, तुमच्या मोबाईलचा नाही. तेव्हा कासवं बघायला जाल तर फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, गाडी वाळूत नेऊ नका. आवडलं तर मित्रांना पाठवा. भेटू पुढच्या शब्दासोबत!